मळीतले शिंपले

शिंपला उघडायचा म्हणजे त्याला मारायचं. दुसरी रीत नाही. दोन शिंपांच्या फटीत सुरीचं पातं घालायचं, आतले दोन स्नायू कापायचे, की घट्ट मिटलेलं ते जनावर सैल पडतं. पातं आत गेल्यावर ते जीव खाऊन मिटायला बघतं, ती ओढ मनगटापर्यंत जाणवते. कोल्हापुरात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं हेच केलं. मांस काढायचं, तोलायचं, वाळवायचं, खलात कुटायचं आणि ॲसिडमध्ये उकळून त्याचं पाणी करायचं. त्या पाण्यात शिसं किती, जस्त किती, ते यंत्र सांगायचं. आई म्हणायची, याच्यापेक्षा खाटकाच्या हाताखाली राहिला असतास तर घरात मटण तरी आलं असतं.

हा नाद मला सरांनी लावला. माझे मार्गदर्शक मूळचे कोकणातले. समुद्रकाठची कालवं फोडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. किनाऱ्यावर घाण कुठून येते ते पाण्याला विचारू नका, पाणी वाहून जातं, असं ते सांगत. मासाही पळून जातो. कालव मात्र जन्मभर एका खडकाला चिकटून बसतं आणि दिवसभर पाणी गाळून पितं, त्यामुळं समुद्रात जे जे सोडलंय ते त्याच्या अंगात साठत राहतं. सर नोकरीसाठी गगनबावड्याचा घाट चढून वर आले तेव्हा इथं समुद्र नव्हता. पंचगंगा होती आणि तिच्या गाळात शिंपले होते. सरांनी कालवांची विद्या शिंपल्यांना लावली आणि त्या कामाला मला जुंपलं. नव्वदचं दशक तेव्हा सरत आलं होतं.

कामाची एक शिस्त त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. जिथून नमुने घ्याल त्या जागांना आकडे द्या. जागा एक, जागा दोन. नावं लिहू नका. समुद्रावर ते खडकांनाही आकडेच द्यायचे. मला ते रुक्ष वाटलं. कोकणातला माणूस, याला आमच्या नदीचं काय कळतंय, असंही वाटलं असेल. मी त्या वयात कुणाचंच फारसं ऐकत नव्हतो. आमच्या घरात तापटपणा रक्तात आहे. भांडण झालं की आवाज चढायच्या आधी हात चढतो. मी कॉलेजात दोघांची डोकी फोडली होती आणि त्याचा मला अभिमान होता.

नमुन्यांसाठी मी सकाळची एसटी धरून शिरोळच्या बाजूला जायचो. एका फाट्यावर उतरायचं आणि उसातून नदीपर्यंत चालायचं. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या कारखान्याचंही नाही. नदीवर एक भोई होते, पन्नाशीतले, मासेमारी करणारे. त्यांच्याशिवाय मला एक शिंपला मिळाला नसता. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला भाचं म्हणायचे. छातीभर पाण्यात उभं राहून ते पायाच्या बोटांनी गाळ चाचपायचे आणि शिंपला लागला की बुडी मारून वर आणायचे. शिंपला लहान की मोठा, मेलेला की जिवंत, हे त्यांना तळपायालाच कळायचं.

आमच्या जागा दोन. एक वरच्या अंगाला, जिथं नदी वळते. तिथं पुराचा गाळ बसून काठाला काळीभोर जमीन तयार झाली होती. अशा जमिनीला नदीकाठचे लोक मळी म्हणतात. मामी, म्हणजे मामांची बायको, तिथं वांगी लावायची. दुसरी जागा खालच्या अंगाला, जिथं गावाचा नाला नदीला मिळायचा. नाल्यात गावाचं सांडपाणी यायचं आणि कारखान्याच्या डिस्टिलरीचा पाइपही त्यातच उघडायचा. त्या पाइपातून जे काळं, आंबूस पाणी सुटतं त्यालाही आमच्याकडं मळीच म्हणतात. कोल्हापूर शहरात वाढलेल्या मला तर मळी म्हणजे तेवढंच ठाऊक होतं. पण वर्षभर मामांबरोबर पाण्यात उभं राहिल्यावर त्यांची मळी माझ्या तोंडात बसली. आपण नदीकाठच्यांसारखं बोलायला लागलो याचं मला कौतुक वाटायचं. वहीत मी ऐटीत लिहायचो, ‘स्थळ: मळी. शिंपले जिवंत, सुदृढ.’ खाली लिहायचो, ‘स्थळ: नाला. निम्मे मृत.’

एका एप्रिलच्या शेवटाला नदी मेली. बंधाऱ्याच्या फळ्या घातलेल्या होत्या, पाणी जागच्या जागी उभं होतं, आणि त्यात कारखान्यानं डिस्टिलरीचा तलाव रिकामा केला. मी एसटीतून उतरलो तेव्हा उसातच वास आला, जळक्या गुळाचा आणि सडक्याचा एकत्र. काठावर जत्रा भरली होती. पाणी काळं पडलेलं, आणि त्याच्या पृष्ठभागावर हजारो मासे तोंडं वर काढून आ वासत होते. लोक काठ्या, खोरी, पाट्या घेऊन उतरले होते आणि दिसेल त्या डोक्यावर हाणत होते. बायका बुट्ट्या भरत होत्या. हातभर लांबीची, सापासारखी वांब मासळी चिखलात अंग आपटत होती, तिला एकानं टाचेखाली धरलं आणि दगडानं ठेचलं. खेकडे पाणी सोडून रस्त्यावर आले होते आणि त्यांच्यावरून सायकली जात होत्या. मासे आयतेच मरत होते, तरी प्रत्येकाला आपल्या हातानं मारायचे होते.

मामांनी एक मासा उचलला नाही. ते नाल्याच्या तोंडाशी उतरले आणि एकेक करत शिंपले वर फेकायला लागले. सगळे उघडे पडलेले, मांस बाहेर लोंबत होतं. त्या दिवशी मला सुरी लागली नाही. वरच्या वळणापर्यंत घाण पोचली नव्हती. तिथले शिंपले मिटलेले होते, जिवंत होते. मी दोन्हीकडचे नमुने घेतले, चिठ्ठ्या लावल्या, वहीत लिहिलं. मग मामा होडीतून वल्हं काढून नाल्याच्या काठानं चालायला लागले. त्यांच्या मागं वीसेक माणसं निघाली. मीही निघालो.

पाइपाच्या तोंडाशी पंपाची खोली होती. आत एक कामगार जेवत बसला होता, बाहेरगावचा, तिशीचा. त्याला काय झालंय हेही माहीत नसावं. मामांनी त्याला विचारलं, “कुणाच्या हुकमानं सोडलंस?” तो म्हणाला, “मला बटण दाबायला सांगितलं, दाबलं.” मामांनी वल्हं उगारलं. त्यानं डोकं वाचवायला हात वर केला आणि कोपराजवळ हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो पडला. त्यानंतर कुणी कुठं मारलं ते सांगता येणार नाही. मी काय केलं ते सांगता येतं. मी त्याच्या बरगडीत दोन लाथा घातल्या. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं होतं, दिवसभर पोटात साठलेलं काहीतरी सुटल्यासारखं.

पोलीस आले आणि मामांना घेऊन गेले. मला कुणी हात लावला नाही. खिशात विद्यापीठाचं ओळखपत्र होतं आणि मामांनी माझं नाव घेतलं नाही. आणखी कोण होतं असं त्यांना दोन दिवस विचारलं गेलं, तळपायांवर पट्टे मारून. सुटून आले तेव्हा त्यांचे पाय भोपळ्यासारखे सुजले होते. महिन्यानं सूज उतरली, पण बोटांची जाणीव आली नाही. पाण्यात उभे राहिले तरी पायाखाली दगड आहे की शिंपला, ते त्यांना कळेना. मी समोर बसून बघत होतो. मामी म्हणाली, “त्येंच्या पायाचं डोळं फोडलं बगा.” मला मान वर करवेना.

मारहाणीची केस त्यांच्यावर लागली. दुसरीकडून गावानं प्रांताकडं अर्ज केला, की पाइप कायमचा बंद करा. सगळं त्या अर्जावर येऊन थांबलं. नदी कारखान्यानं मारली हे तिथं ठरलं असतं, तर पाइप बंद झाला असता आणि मामांच्या वल्ह्यालाही काही अर्थ राहिला असता. नाहीतर मामा म्हणजे एका गरीब कामगाराचा हात मोडणारा गुंड. पुरावा एकच होता, माझी वही. मामांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, “भाचं, समदं हाय न्हवं हितं?” मी म्हणालो, “सगळं आहे मामा. मळीत जिवंत, नाल्यात मेलेले. एवढं बास आहे.” ते हसले. म्हणाले, “मग झालं की.”

वहीच्या झेरॉक्स मी स्वतः काढल्या. सर तेव्हा आजारी होते. त्यांनी पडल्या पडल्या विचारलं, जागांच्या नोंदी नीट आहेत ना? मी हो म्हणालो.

सुनावणीला प्रांतसाहेब होते ते विदर्भातले, नुकतेच बदलून आलेले, माणूस सरळ. कारखान्याच्या बाजूनं त्यांचा पर्यावरण अधिकारी उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं लोण्यासारखं. तो मूळचा नदीकाठच्याच गावचा होता हे मला माहीत होतं. मामा मागं भिंतीला टेकून उभे होते, अनवाणी.

त्या अधिकाऱ्यानं माझ्या वहीची झेरॉक्स वर धरली आणि स्वच्छ आवाजात वाचली. “स्थळ: मळी. शिंपले जिवंत, सुदृढ. स्थळ: नाला. सर्व मृत.” मग प्रांतसाहेबांकडं वळून म्हणाला, “साहेब, हे आमचं म्हणणं नाही. अर्जदारांच्या तज्ज्ञांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. आमच्या मळीत शिंपले जगतायत. मेलेत ते नाल्यात, आणि नाला गावाच्या सांडपाण्याचा आहे.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. मी उठून म्हणालो, मळी म्हणजे तुमची मळी नव्हे, मळी म्हणजे जमीन. प्रांतसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “जमिनीत शिंपले?” खोलीत हशा पिकला. मी म्हणालो, जमिनीत नाही, जमिनीजवळच्या पाण्यात. जेवढं बोलत गेलो तेवढा गाळात गेलो. तो अधिकारी शांतपणे म्हणाला, “साहेब, ज्यांनी शिंपले काढले त्यांनाच विचारू.” आणि त्यानं मामांना पुढं बोलावलं.

“मळीत शिंपले असतात काय ओ?”

मामांना वाटलं, चला, आपली पाळी आली. ते ताठ उभे राहिले. “असत्यात की. मळीतलं शिंपलं म्हंजे एकदम ठणठणीत.”

“तुम्ही स्वतः काढलेत?”

“व्हय. ह्या हातानं. जल्म गेला माजा मळीत.”

“आणि नाल्यात गावचं सांडपाणी येतं?”

“येतंय की. न्हाई कोन म्हंतंय?”

मामा माझ्याकडं बघून हसले. बरोबर सांगितलं न्हवं, असं त्यांच्या तोंडावर होतं. नदीकाठचा माणूस मळी म्हणताना जमिनीशिवाय दुसरा विचारच करत नाही, आणि हे त्या अधिकाऱ्याला पुरतं ठाऊक होतं. तो जागेवर जाताना माझ्या टेबलाजवळ वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “मळीची वांगी आमच्याही घरी येतात, सर.”

माझं डोकं फिरलं. टेबलावर काचेचा पेपरवेट होता. तो मी हातभर अंतरावरून त्याच्या तोंडावर मारला. भुवई फुटली. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि माझ्या झेरॉक्सवर सांडलं. तो खाली बसला तरी मी थांबलो नाही, त्याचे केस धरून टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. शिपायांनी मला ओढून बाहेर व्हरांड्यात नेलं आणि तिथं मला मनसोक्त बदडलं. पुढचा एक दात तेव्हाचाच गेलाय. पडल्या पडल्या मला खिडकीतून मामा दिसत होते. ते अजून भिंतीपाशी उभे होते आणि आपण काय चुकलो ते एकेकाला विचारत होते. त्यांना कुणी सांगत नव्हतं.

अर्ज फेटाळला गेला. एकदा पंपावर आणि एकदा साक्षात सुनावणीत अर्जदारांच्या बाजूनं मारहाण झाली, मग त्यांचं कोण ऐकणार? पाइप आठवडाभरात पुन्हा सुरू झाला. मला सोडवायला सरांनी आजारपणातून उठून माफीनामा लिहून दिला. रिक्षातून घरी येताना ते एवढंच म्हणाले, “आकडे लिहायला सांगितले होते.” मी त्यांच्याशीही भांडलो. त्यांच्याशी नंतर माझं बोलणं झालं नाही, आणि पुढं ते गेले.

मामांकडं जायला मला दोन महिने लागले. दारातच मामी भेटली. माझ्या नमुन्यांच्या बाटल्यांचा खोका त्यांच्याकडं ठेवलेला असायचा. तिनं तो उचलून आणला आणि एकेक बाटली पायरीच्या दगडावर फोडली. फोडताना रडत नव्हती, ओरडत नव्हती. “तुमी लिवलं आन त्येंनी बोललं,” ती म्हणाली. “मरायचं मातर त्येंनीच.” फॉर्मालिनचा वास सुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामा आत पाठ करून बसले होते. ते वळले नाहीत. शेवटची बाटली फुटेपर्यंत मी उभा राहिलो आणि मग एसटीला गेलो. वाटेत उसाच्या बांधावर बसून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. त्यानं काही झालं नाही.

संशोधन मी सोडलं नाही, पण पुढं जागांना आकडेच दिले. नोकरी लागली, एका कॉलेजात शिकवायला लागलो. मामांची बातमी अधूनमधून कानावर यायची. केस मिटली, कारखान्यानंच मिटवली, असं कळलं. पुढचं कुणी नीट सांगत नव्हतं.

दोन हजारची पहिली काही वर्षं उलटल्यावर मी एकदा एकटाच तिकडं गेलो. दुपारची वेळ होती. नाल्याच्या तोंडाशी पँट वर करून उतरलो आणि हातानं गाळ उपसायला लागलो. लाल, केसासारख्या बारीक अळ्यांनी ओंजळ भरली. दुसरं काही जगत नाही तिथं त्या माजतात. त्या बाटलीत भरत होतो तेवढ्यात काठावरून आवाज आला.

“ओ पावणं, व्हा भाईर.”

खाकी शर्ट, हातात काठी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. केस पांढरे झाले होते, पण मामाच होते. मी म्हणालो, “मामा, मी.” ते म्हणाले, “वळखलंय. भाईर व्हा.” मला वाटलं, बोलता येईल. मी बाटली दाखवत काठावर चढलो, हसलोसुद्धा. त्यांनी काठी उगारली. मी चुकवू शकलो असतो, चुकवली नाही. पहिला फटका उजव्या मनगटावर बसला आणि बाटली फुटली. दुसराही तिथंच, नेम धरून. हात लुळा पडला. मी खाली बसलो तसे ते वाकून म्हणाले, “ह्या हातानं आता लिवू नगा.”

तिसऱ्यांदा काठी उचलली, पण मारली नाही. ती टेकून ते माझ्याशेजारी बसले. बसताना त्यांना पाय आधी हातानं सरळ करून घ्यावे लागले. मनगट फुगत चाललं होतं आणि ठणका खांद्यापर्यंत गेला होता. शेवटी मी विचारलं, वरच्या वळणाला तरी आहेत का अजून शिंपले?

“वरच्या अंगालाबी पाइप टाकलीया, दोन वरसं झाली,” मामा म्हणाले. “मळीत एक ऱ्हायला न्हाई. कुणी सोडलं म्हून इचारू नगा. झडप म्याच उघडतोय, भाचं.”